दुखऱ्या हिरडीला हात लावावा का? दंतकाष्ठापासून मशेरीपर्यंतचा एक इतिहास

१/ मशेरी सोडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आजीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. पन्नास वर्षे भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड तर्जनीने घासताना जे कधी दिसले नव्हते, ते दंतवैद्याच्या सल्ल्याने हाती ब्रश धरल्यावर दिसले. तिने आपला निष्कर्ष काढला : मशेरी हे औषध होते आणि ब्रश हा आजार आहे. ब्रश कपाटात गेला.

२/ तिच्या तर्कात वरवर खोट सापडत नव्हती. म्हणून वाचू लागलो आणि ध्यानात आले की हा घोळ तिच्या एकटीचा नाही. हिरडी दुखू लागली, सुजली, रक्त गाळू लागली, तर तिला स्पर्श करावा की तिला सोडून द्यावे, या प्रश्नावर माणसाने दोन हजार वर्षे उलटसुलट उत्तरे दिली आहेत. आजचा धागा त्या उत्तरांचा.

३/ प्रारंभ आपल्याकडच्या संहितांपासून करू. हिरडीसाठी संस्कृतात शब्द आहे 'दन्तमांस'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोन वेळा दात घासण्यास सांगितले आहे. काडीचे टोक ठेचून मऊ केलेले असावे, रस तुरट, तिखट किंवा कडू असावा आणि घासताना दन्तमांसाला इजा होऊ नये, अशी अट तिथे स्पष्ट आहे.

४/ सुश्रुतसंहिता अधिक तपशिलात शिरते. दंतकाष्ठ बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, गाठी नसलेले असावे. कडू झाडांत कडुनिंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, गोडांत मोह, तिखटांत करंज. पुढे मध, त्रिकटू, तेल, सैंधव यांचे मिश्रण येते आणि एकेक दात मऊ कुंचल्याने, हिरड्या न दुखावता घासावा, ही सूचना येते. घरोघरी हिरड्यांना मीठ-तेल चोळण्याची जी रीत आहे, तिच्याशी नाते सांगणारा हा मजकूर आहे.

५/ आता इथे थोडे थांबावे लागेल. 'आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' अशा मजकुराचे संदेश दर आठवड्याला फिरत असतात. हाच ग्रंथ दंतकाष्ठ कोणी वापरू नये, याचीही यादी देतो. तोंड आलेला, खोकला किंवा उचकी लागलेला, अशक्त, कान दुखणारा... आणि त्या यादीत 'दंतरोगी'सुद्धा आहे. म्हणजे दुखणे नसताना काडी, दुखणे आले की काडी बंद.

६/ दुखणे आल्यावर मग काय? सुश्रुताने दातांच्या मुळाशी होणारे रोग वेगळे मोजले आहेत. त्यांतला पहिला 'शीताद' : हिरड्यांतून कारण नसता रक्त येते, त्या दुर्गंधीयुक्त, काळपट, ओलसर व मऊ होऊन झडू लागतात. हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, इतके ते ओळखीचे आहे. उपचार मात्र असे : आधी रक्त काढणे, मग सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्याच्या गुळण्या, आणि वरून लेप.

७/ आणखी एक रोग तिथे नोंदलेला आहे, 'दंतशर्करा'. दातांवर साचून खड्यासारखा कडक झालेला मळ. आपण ज्याला कीटण म्हणतो, तेच. वैद्याने ते खरवडून काढावे, पण दातांच्या मुळांना धक्का न लावता. म्हणजे कीटण दिसले होते, ते काढावे हे कळले होते, हिरडीतले रक्तही दिसले होते. पण हे दोन्ही रोग यादीत वेगवेगळ्या घरांत राहिले. एकामुळे दुसरा होतो, हा दुवा जोडला गेला नाही. कारण शोधायचे ते वात-पित्त-कफ आणि रक्तदोषांत, अशी त्या शास्त्राची बैठक होती. त्यात त्या वैद्यांचा कमीपणा नाही. पण जे त्यांनी म्हटलेले नाही, ते त्यांच्या तोंडी घालणेही बरे नव्हे.

८/ इसवी सन ६७१ मध्ये चीनहून समुद्रमार्गे निघालेला भिक्खू इत्सिंग नालंदेत वर्षानुवर्षे राहिला. त्याच्या वृत्तांतात दंतकाष्ठावर स्वतंत्र प्रकरण आहे. काडीचे एक टोक चावून मऊ करावे, दात घासावे, मग तीच काडी उभी फोडून जीभ खरवडावी, असे तो सांगतो. आपले चिनी बांधव हिला विलोची फांदी समजतात, हे चूक आहे, असेही तो जरा वैतागून नोंदवतो. भारतात दातदुखी विरळ आहे आणि त्याचे श्रेय दंतकाष्ठाला आहे, असे त्याचे मत. प्रवाशाचे मत म्हणूनच ते घ्यावे.

९/ आता एकदम हजार वर्षे पुढे आणि हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी जाऊ. कारण ज्या गोष्टीवाचून वरचा दुवा जुळत नव्हता, ती तिथे एका कापडव्यापाऱ्याला दिसली.

१०/ आंतोनी व्हान लेव्हेनहुक. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. त्यात तो आधी स्वतःच्या सवयी सांगतो : रोज सकाळी मिठाने दात घासतो, पाण्याने चूळ भरतो, जेवणानंतर दातकोरणीने दाढा साफ करतो, कापडाने खसाखसा पुसतो. त्यामुळे माझ्या वयाच्या फार थोड्या लोकांचे दात इतके स्वच्छ आहेत, आणि मीठ कितीही जोराने घासले तरी हिरड्यांतून रक्त येत नाही, असे तो अभिमानाने लिहितो. वय तेव्हा पन्नास-एक्कावन्न.

११/ तरीही दातांच्या फटींत पिठल्यासारखे दाट, पांढरे काही तरी उरते, हे त्याने पाहिले. ते पावसाच्या पाण्यात कालवून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले. आत जिवंत प्राणी होते, झपाट्याने हालणारे. ज्याने आयुष्यात तोंड स्वच्छ केले नाही अशा एका म्हाताऱ्याच्या दातांवरचा मळ त्याने तपासला, तेव्हा तर त्यांची झुंबड दिसली. नेदरलँड्समधल्या माणसांपेक्षा अधिक जीव आपल्या एका तोंडात राहतात, असा त्याचा हिशेब.

१२/ त्याची पुढची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. तीव्र व्हिनेगरने त्याने चुळा भरल्या. तरी दातांवरच्या मळात जीव शिल्लक होते. मळ बाहेर काढून, पातळ करून त्यात व्हिनेगर घातल्यावर मात्र ते मेले. म्हणजे द्रव त्या थराच्या आत पोचत नाही. थर आधी मोडावा लागतो. गुळण्यांनी हिरड्यांचे दुखणे का बरे होत नाही, याचे उत्तर १६८३ मध्येच एका पत्रात पडून होते. पण या जिवांचा आणि हिरडीच्या रक्ताचा संबंध त्यानेही जोडला नाही. त्याच्या हिरड्यांतून रक्त येतच नव्हते ना.

१३/ या काळात युरोपीय माणसाला रक्ताळलेली हिरडी म्हटली की आठवे ते स्कर्व्ही. आणि त्या दुखण्याच्या सर्वांत भीषण नोंदींपैकी एक आपल्या किनाऱ्यालगत सुरू होते. ऑक्टोबर १४९८ मध्ये वास्को द गामाचा ताफा गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून परतीला निघाला. वारा पडलेला. अरबी समुद्र ओलांडायला तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर अशा चढल्या की अन्न खाता येईना. सुमारे तीस माणसे या टप्प्यात मेली.

१४/ १७४७ मध्ये जेम्स लिंड याने 'सॅलिसबरी' या जहाजावर बारा रुग्णांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. पण या यशाने एक गोंधळही माजवला. हिरडीतून रक्त म्हणजे रक्तातलाच बिघाड, ही समजूत पक्की झाली. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणवला जाणारा पिएर फोशार याने हिरडीच्या पू येणाऱ्या रोगाचे वर्णन केले, तेही स्कर्व्हीचा एक प्रकार म्हणूनच.

१५/ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील हार्टफर्डचा दंतवैद्य जॉन रिग्ज याने उलटा सूर लावला. रोग स्थानिक आहे, दाताच्या मुळाशी चिकटलेले कीटण काढा, हिरडी बरी होते. हिरडी कापू नका. १८७६ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि काही काळ या दुखण्याला त्याचेच नाव पडले. पुढे 'पायोरिया' हा शब्द रुळला. आपल्याकडच्या दंतमंजनांच्या जुन्या जाहिरातींत तो हटकून भेटतो.

१६/ मग विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांत टोकाचे उत्तर आले. १९१० मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलमध्ये दिलेल्या भाषणात तोंडातला संसर्ग शरीरभर रोग पसरवतो, असे बजावले. त्यांचा मूळ रोख सडक्या मुळांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर होता. पण परिणाम असा झाला की पुढची काही दशके इंग्लंड-अमेरिकेत संशय येताच दात उपटले जाऊ लागले. हिरडीला हात लावावा का, या प्रश्नाचे हे उत्तर : दातच नको.

१७/ आता मशेरीकडे येतो, कारण तिचे उत्तर या सर्वांहून निराळे आहे. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग हा विजापूरहून परतताना अकबराच्या दरबारात तंबाखू व रत्नजडित चिलीम घेऊन गेला, ही नोंद प्रसिद्ध आहे. म्हणजे आग्र्याने ती विजापूरकडून घेतली. नवल म्हणून आलेली ही वनस्पती हळूहळू औषध म्हणून घराघरांत शिरली.

१८/ मशेरी करण्याची कृती साधी. तंबाखूची पाने तव्यावर काळीभोर होईतो भाजायची, मग चुरून पूड करायची. गोवऱ्यांची राखुंडी जशी दातांना लावायची, तशीच ही. कोणाची दाढ दुखते, कोणाला सकाळी पोट साफ होत नाही, म्हणून घरातली थोरली बाई धाकटीच्या बोटावर चिमूटभर ठेवते. बाईमाणसाने विडी ओढणे लाजिरवाणे. मशेरी मात्र दात घासण्यात जमा. त्यामुळे ती व्यसन ठरली नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत पस्तीस वर्षांवरील ९९,५९८ लोकांची पाहणी झाली, तेव्हा स्त्रियांपैकी ५७.५ टक्के तंबाखू वापरत होत्या, जवळजवळ सर्व धूरविरहित स्वरूपात, आणि त्यांत मशेरीचा वाटा मोठा होता.

१९/ मशेरीने आराम पडतो, हे खोटे नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, हिरडीकडचा रक्तपुरवठा कमी होतो, सूज आणि रक्त दिसेनासे होते. ठणकाही थोडा बोथट होतो. आतला रोग मात्र सुरूच राहतो. हिरडी मागे सरते, हाड झिजते. तोंडात पांढरे चट्टे आणि पुढे कर्करोग हा धोका वेगळाच. आणि तंबाखू थांबली की रक्तवाहिन्या पूर्ववत होतात, दडलेले रक्त दिसू लागते. आजीने जे पाहिले ते हेच. तिचे निरीक्षण अचूक होते.

२०/ १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती वैध ठरवली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत कोणती अधिसूचना पोचणार?

२१/ मूळ प्रश्नाचा निकाल लागायचा होता. १९५०-६० च्या दशकांत जगभर हिरड्यांच्या पाहण्या चालू होत्या. आपली मुंबईही त्यात आहे : ११ ते १७ वर्षांच्या मुंबईकर मुलांच्या हिरड्यांवरचा सिगुर्ड रामफ्योर्ड यांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोष आहाराचा की अस्वच्छतेचा, हा त्या काळातला वाद. पण पाहणीतून 'एकत्र आढळते' एवढेच कळते, 'यामुळे होते' हे नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

२२/ डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला, तो जवळजवळ विनोदी वाटावा इतका सरळ आहे. निरोगी हिरड्यांची बारा माणसे घेतली : प्रथम वर्षाचे नऊ दंतविद्यार्थी, एक शिक्षक, दोन प्रयोगशाळा तंत्रज्ञ. त्यांना सांगितले, दात घासणे बंद. दातांवर थर साचू लागला, त्यातल्या जिवाणूंचे स्वरूप बदलत गेले, आणि १० ते २१ दिवसांत एकूण एकाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासायला लावले. आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. आहार तोच, माणसे तीच. बदलली ती एकच गोष्ट. १९६५ मध्ये निबंध आला. लेव्हेनहुकच्या पत्रानंतर २८२ वर्षांनी दुवा जुळला.

२३/ याच लो यांचा दुसरा अभ्यास वाचताना मात्र मन अस्वस्थ होते. १९७० पासून १५ वर्षे श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० पुरुष मजुरांची तोंडे ठरावीक काळाने तपासली गेली. या लोकांना दंतवैद्य ठाऊक नव्हता, ब्रशची सवय नव्हती. उपचार न झालेला रोग कसा वाढतो, याची ही नोंद. १९८६ च्या निबंधात निष्कर्ष असा : सुमारे ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. 'सर्वांना सारखेच होत नाही' हे वैद्यकाला या माणसांमुळे कळले. ऑर्हूसच्या विद्यार्थ्यांचा ब्रश तीन आठवड्यांत त्यांच्या हाती परत आला होता. मळ्यातल्या माणसांची पंधरा वर्षे आकडेवारीत गेली. पाठ्यपुस्तकांत हे दोन अभ्यास शेजारी शेजारी छापलेले असतात.

२४/ घासायचे, पण कसे? याचे उत्तर देणारा माणूस दंतवैद्य नव्हताच. अमेरिकेतील चार्ल्स बास यांनी १९१२ मध्ये फॉस्टर जॉन्स यांच्यासह हिवतापाचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला होता. निवृत्तीनंतर ते दातांकडे वळले. त्या वेळचे ब्रश, डुकराच्या केसांचे असोत वा १९३८ नंतरचे नायलॉनचे, चांगलेच राठ असत. बास यांनी बारीक, मऊ, टोके गोलसर केलेल्या तंतूंचा ब्रश सुचवला आणि तो हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत धरून अगदी थोडा थोडा हलवावा, असे दाखवले. 'दन्तमांसाला इजा न होऊ देता' या जुन्या अटीला पाळण्याजोगी पद्धत इथे मिळाली.

२५/ तर आज घरच्या घरी काय करावे, असे आजीप्रमाणेच तुमच्यापैकी कोणी विचारील. मऊ ब्रश, दोन वेळा, दोन-दोन मिनिटे, हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर, बोटांच्या टोकांनी धरून, दाब न देता. रक्त आले तरी थांबू नये. ते ब्रशने केलेली जखम असण्यापेक्षा आधीच्या सुजेची खूण असण्याचा संभव अधिक असतो. फटींसाठी दोरा किंवा छोटा ब्रश. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी ठणका कमी होतो, थर मात्र निघत नाही. कोरडे मीठ, राखुंडी, कोळसा चोळू नये, लेव्हेनहुकने कितीही मिरवले असले तरी. घासून घासून हिरडी मागे गेली की मूळ उघडे पडते आणि थंड पाण्याचा घोट झणझणतो.

२६/ कडक झालेले कीटण घरी निघत नाही. ते काढल्याने दात सैल होतात, ही समजूत उलटी आहे. रोगाने सैल झालेला दात कीटणाच्या आधाराने उभा असतो, इतकेच. नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, पू येतो, दात हलतो, पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण दिसतो, तर दंतवैद्याकडे जावे. मधुमेह, गरोदरपण आणि रक्तदाबाची काही औषधे यांनीही हिरड्या सुजतात. तिथे केवळ ब्रशला दोष देऊन भागत नाही.

२७/ हे सर्व आजीला सांगितले. लेव्हेनहुकच्या म्हाताऱ्याची गोष्ट तिला फार आवडली. मळ्यांची गोष्ट ऐकताना ती बराच वेळ काही बोलली नाही. ब्रश कपाटातून बाहेर आला आहे. मशेरीचा डबा अजून फडताळात आहे, रिकामा, असे ती म्हणते. आज तेरावा दिवस. रक्त कमी झाले आहे, थांबलेले नाही. पुढच्या मंगळवारी कीटण काढायला जायचे आहे आणि बरोबर मी यावे, असा तिचा हुकूम आहे.